दोन बोटं उजवीकडं सरकवलेला लिंब

उघड्यावर, निसर्गासमोर बसून चित्र काढणारा माणूस सत्याच्या सर्वांत जवळ असतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या चित्रवर्गाच्या माहितीपत्रकावर ते सोनेरी अक्षरांत छापलं होतं. त्याखाली जरा बारीक टाइपात सूचना होती: येताना टोपी, दोन बाटल्या पाणी आणि डबा आणावा. एप्रिल महिन्यात सोलापूरच्या आसपास निसर्गासमोर बसायचं असेल, तर यातली कुठली ओळ जास्त कामाची आहे हे पहिल्याच रविवारी कळलं. टोपी विसरलेल्या एका गृहस्थांना सत्याच्या जवळून उचलून सावलीत निजवावं लागलं.

तीस वर्षं मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. निवृत्त माणसानं काहीतरी नवं शिकलंच पाहिजे, असा हल्ली दंडक आहे. आमच्या कॉलनीत कुणी फ्रेंच शिकत होतं, कुणी बासरी. बासरीवाले आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. म्हणून मी घराबाहेर नेणारा छंद निवडला.

वर्ग चालवणारे सर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत. ते एकदा अकरा दिवस परदेशात जाऊन आले होते आणि त्या अकरा दिवसांवर त्यांचं पुढचं सगळं अध्यापन उभं होतं. "तिकडचा प्रकाश कसा मऊ असतो," असं ते डोळे मिटून सांगत. आम्ही डोळे बारीक करून इकडचा प्रकाश बघत असू. तो मऊ नव्हता. तिकडचे चित्रकार कागदावर आकाशाची ओली छटा सोडतात आणि ती अर्धा तास ओलीच राहते म्हणे. त्या अर्ध्या तासात ते ढग करतात, कडा मिसळतात, कॉफीसुद्धा पितात. इथं आकाश डावीकडून सुरू करून उजवीकडं न्यावं, तोवर डावीकडचं आकाश पापडासारखं वाळलेलं असे. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या आकाशाला मधोमध शिवण होती. सर त्याला शैली म्हणत.

रंगांच्या पेटीतही तिकडं-इकडं होतंच. पेटीत हिरवे चार होते, ते वर्षभरानंतरही जवळजवळ भरलेले. मातकट पिवळा एकच होता, तो महिन्यात संपला.

सरांनी रंगांचीही जातवारी लावलेली होती. जलरंग पारदर्शक. त्यातून खालचा कागद दिसतो आणि चूकही दिसते, म्हणून ती साधना. ग्वाश म्हणजे तेच पाण्यातले रंग, पण दाट आणि अपारदर्शक. खाली काय आहे ते झाकून टाकणारे. म्हणून ती तडजोड. आधी सहा महिने साधना आणि मग तडजोड, असा अभ्यासक्रम होता. सरकारी नोकरीतही साधारण हाच क्रम असतो, पण ते मी वर्गात बोलले नाही.

रविवारी सगळा वर्ग एकदम बाहेर पडे. एकसारखे शर्ट, एक फलक, फलकामागं उभं राहून फोटो. फोटो मनासारखा येईपर्यंत सकाळ संपलेली असे. उरलेल्या वेळात सर आम्हाला प्रकाश ऐकायला सांगत. दोन महिने प्रकाश ऐकल्यावर मी मधल्या वारी एकटी एसटीनं जाऊ लागले. मोहोळच्या स्थानकात मी एक लाल बस रंगवायला घेतली, तर त्या बसनं माझ्या आठवणीत प्रथमच वेळेवर निघण्याचं ठरवलं. चिंचोळीच्या कारखान्यांच्या धुराड्यांसमोर बसले, तर पहारेकरी आला आणि चित्राला साहेबांची परवानगी आहे का विचारू लागला. मी म्हटलं, धूर तर सगळ्यांनाच दिसतो. तो म्हणाला, दिसू दे की, पण काढायचा न्हाय.

म्हणून मी माणसं नसतील अशी जागा शोधू लागले. मंद्रूपच्या पुढं एका फाट्यावर उतरून थोडं चाललं की एक गाडीवाट लागते. वाटेपलीकडं दोन शेतं, दोन्ही नांगरून टाकलेली, मध्ये कमरेइतकाही न उरलेला बांध आणि बांधाशी एक मोठा कडुलिंब. नजर जाईल तिथवर दुसरं झाड नाही. मी वाटेच्या कडेला घडीचं स्टूल मांडलं, कागद फळीला चिकटवला आणि सरांनी शिकवल्याप्रमाणं एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत झाडाची उंची मोजू लागले. बुंध्यापासून फांदी, फांदीपासून शेंडा. माणसं नव्हती, पण झाडाखाली पंचवीस-तीस मेंढ्या होत्या, आणि मेंढ्या आपल्या आपण येत नाहीत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अर्ध्या तासानं मागून आवाज आला, "किती भरलं?"

पंचेचाळिशीची बाई होती. डोक्यावर पदर, हातात काठी, काखेत पाण्याची बाटली. मी म्हटलं, "आत्ताच तर सुरू केलंय."

"आट दिसानं येणार हुता न्हवं? आजच कसं आलाव?"

"कोण येणार होतं?"

"तुमी. मोजणीवालं."

मग उलगडा झाला. बांधाच्या डावीकडचं शेत तिचं, उजवीकडचं तिच्या चुलत दिराचं. दोन-तीन वर्षं दिराचा नांगर दर हंगामात बांधाला थोडा थोडा चाटत आला होता. पूर्वी झाड तिच्या हद्दीत होतं यावर कुणाचं दुमत नव्हतं. आता बांध इतका झिजला होता, की झाड नक्की कुणाचं यावर गावात दोन तट पडले होते. दिराला ते तोडायचं होतं. त्याचा ट्रॅक्टर त्या कोपऱ्यात नीट वळत नव्हता. तिला ते हवं होतं, कारण दुपारी मेंढ्या बसवायला कालव्यापर्यंत दुसरी सावली नव्हती. नवरा चिंचोळीला कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यामुळं मोजणीचा अर्ज तिनंच केला होता आणि आठ दिवसांनी सरकारी माणूस येणार होता.

मी मोजणीवाली नाही, नुसतं चित्र काढते, असं मी तीन वेळा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा मान डोलावली. साहेब लोक आपण साहेब नसल्याचं सांगतात तेव्हा माणसं जशी डोलावतात, तशी.

"चित्र तर चित्र," ती म्हणाली. "पर झाड काडणार न्हवं त्यात?"

"काढणार."

"मग नीट काडा. मोजणी यायच्या आदी ह्यानं रातीत झाड पाडलं तर? मग झाड हितं हुतं म्हणून कोण सांगणार?"

"मोबाईलवर फोटो काढून ठेवा की."

"ठेवलाय की. दीर म्हणतो, फोटू काय, कुटनं बी काडता येतोय. डावीकडनं काडला तर तिकडं दिसतंय, उजवीकडनं काडला तर हिकडं. ह्ये तसं न्हाय. तुमी बसून, बगून, मोजून करालाव."

हा युक्तिवाद मी पूर्वी कुठल्याशा जाड पुस्तकात वाचला होता. छायाचित्र आणि चित्र यांतला फरक त्या लेखकानं साठ पानांत सांगितला होता आणि मला तेव्हा तो कळला नव्हता.

मी कामाला लागले. ती मेंढ्यांकडं गेली. मेंढ्यांशी ती कानडीत बोलत होती आणि माणसांशी मराठीत. कानडीत ती बरीच प्रेमळ वाटे. माझं पाणी गढूळ झालं तेव्हा तिनं बोअरवरून तांब्या भरून आणून दिला. घरी आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळं एवढं पाणी नुसता कुंचला खळबळवायला वापरताना मला अपराधी वाटलं. ते पाणी इतकं खारट होतं, की रंग वाळल्यावर पानांवर बारीक पांढरी भुकटी फुलली. झाड अचानक जुनं आणि तपस्वी दिसू लागलं. मी खूश झाले.

खूश झाले, पण घोटाळा आधीच झाला होता. झाड माझ्या समोर अगदी मध्यावर येत होतं आणि सरांचा सगळ्यांत कडक नियम असा होता, की मुख्य वस्तू कधीही कागदाच्या मध्यावर ठेवायची नाही. ती तिसऱ्या हिश्शावर हवी. मध्यावर ठेवतात ते हौशी. "निसर्गाला रचना कळत नाही," सर सांगत, "ती आपण करायची." मी हौशी नव्हते. चार महिन्यांची फी भरलेली होती. पेन्सिलीनं आखतानाच मी झाड दोन बोटं उजवीकडं सरकवलं होतं. चित्र खरोखर सुधारलं. डावीकडं मोकळी नांगरट, उजवीकडं डौलदार कडुलिंब. बांध मात्र जिथल्या तिथं ठेवला, कारण त्याबद्दल सरांनी काही सांगितलं नव्हतं.

चित्र वाळत असताना मोटारसायकलवरून दीर आला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यानं गाडी लावली, माझ्यामागं उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. माझ्या चित्रांकडं एवढा वेळ कुणीच बघत नाही, सरसुद्धा नाही. मला बरं वाटलं.

"म्याडम," तो म्हणाला, "ह्यो बांध न्हवं?"

"हो."

"आन् ह्यो लिंब."

"हो."

"लिंब बांधाच्या पल्याड हाय. म्हंजे माज्यात." त्यानं मोबाईल काढला. "एक फोटू घेऊ का? तुमच्यासारकी शिकलेली माणसं खोटं काडणार न्हाईत." त्यानं फोटो घेतला, मग माझ्यासकट चित्राचा घेतला, मग मला चहा हवा का विचारलं. तो निघून गेल्यावर दहा मिनिटांत फोटो गावाच्या मोबाईलवरच्या गटावर गेला होता. ते मला बाईनंच दाखवलं. फोटोखाली लिहिलं होतं, की शहरातून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी समक्ष पाहणी करून झाड कोणाच्या हद्दीत आहे ते दाखवून दिलं आहे. त्याखाली सतरा अंगठे होते.

बाईनं मोबाईल ठेवला आणि चित्राकडं पाहिलं. मग झाडाकडं. मग पुन्हा चित्राकडं.

"बाई, झाड हाललं कसं?"

मी तिला रचना समजावून सांगितली. तिसरा हिस्सा, नजरेचा प्रवास, मोकळी जागा. ग्रंथालयात नवीन आलेल्या मुलांना वर्गीकरण समजावताना मी जितकी स्पष्ट बोलत असे, तितकी स्पष्ट बोलले.

"म्हंजे चांगलं दिसावं म्हणून?"

"हो."

"मग माजं झाड त्येच्यात गेलं ते चांगलं दिसलं व्हय तुमाला?"

मी म्हटलं, दुरुस्त करून देते. ती म्हणाली, "कराच. मोजणीच्या आदी करा. म्या त्येला गटावर सांगितलंय, चित्र अजून पुरं झालेलं न्हाय म्हणून." एवढं बोलून ती मेंढ्यांकडं गेली आणि त्यांच्याशी कानडीत काहीतरी बोलली. त्यात या वेळी प्रेम कमी होतं आणि विषय मी असावा.

रविवारी मी सरांना गाठलं. काढलेलं झाड हलवायचं कसं, एवढंच मला हवं होतं. सरांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं, डोळे मिटले. रचना उत्तम साधली आहे म्हणाले. मी बांधाची हकिकत सांगितली. सर म्हणाले, कलावंतानं असल्या व्यवहारात पडू नये, झाड कुठं असावं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य कलावंताला असतं. मी म्हटलं, ते स्वातंत्र्य सध्या चुलत दीर घेतोय. मग सर जरा गंभीर झाले आणि म्हणाले, जलरंगात झाड हलवता येत नाही, पारदर्शक माध्यम आहे. हलवायचं तर ग्वाश. अभ्यासक्रमाप्रमाणं ग्वाशला अजून दोन महिने होते, पण माझी निकड बघून त्यांनी तडजोड आधी शिकवली. पांढरा भरपूर, पाणी कमी, एकदाच झाकायचं, घासायचं नाही. सांगायला साधं होतं.

मंगळवारी मी पुन्हा त्या फाट्यावर उतरले. बाईनं भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. आधी खाऊन घेतलं. मग मी जुन्या झाडावर आकाशाचा दाट रंग चढवायला घेतला. ग्वाशची एक खोड तेव्हा कळली: ओला असतो तो रंग वेगळा आणि वाळल्यावरचा वेगळा. फिकट रंग वाळून गडद होतो, गडद वाळून फिकट. त्यामुळं ताटलीत आकाशाशी बरोबर जुळणारा रंग कागदावर वाळून वेगळाच झाला. आकाशाला झाडाच्या आकाराचं ठिगळ लागलं. दुसरी खोड अशी, की खालचा जलरंग पाणी लागलं की पुन्हा जागा होतो. मी झाकत गेले तसा जुना हिरवा वर येत गेला. पुन्हा झाकला, पुन्हा वर आला. घासायचं नाही हे सरांनी सांगितलं होतं, आणि मी घासत होते.

मग डावीकडं, बांधाच्या अलीकडं, मी नवा लिंब काढला. तो अगदी चांगला झाला. ठसठशीत, दाट, अपारदर्शक. फक्त त्याच्या उजवीकडं, धुक्यात उभ्या असल्यासारखा, जुना लिंब अजून दिसत होता.

बाई चित्राकडं बघत राहिली. "आता दोन झालीत," ती म्हणाली.

"वाळल्यावर कमी दिसेल."

वाळल्यावर जास्त दिसला.

संध्याकाळच्या सुमारास दीर आलाच. त्यानं चित्र बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "वयनी, म्याडमनी तुमाला नवं झाड दिलंय की! चांगलं झालं. आता ह्ये तुमचं आन् त्ये माजं. भांडणच मिटलं. माजं म्या तोडतो."

"तोड की," बाई म्हणाली. "चित्रातलंच तोड. कुऱ्हाड देऊ का?"

तो हसत हसत फोटो काढून गेला. या वेळी गटावरचा मजकूर लांब होता. तज्ज्ञ मॅडमनी आठवड्यात झाडाची जागा बदलली, बदलायच्या आधी त्या समोरच्या पार्टीकडं जेवल्या, याची चौकशी व्हावी. तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी कसली लाच देऊ केली नव्हती. एकदा एका प्राध्यापकानं उशिराचा दंड माफ व्हावा म्हणून राजगिऱ्याचा लाडू दिला होता, तोही मी परत केला होता. निवृत्तीनंतर मी एका भाकरीवर भ्रष्ट झाले आणि पुरावा दोन झाडांसकट सत्तावीस जणांनी पुढं पाठवला.

मी तेव्हाच अंग काढून घ्यायला हवं होतं. पण निघताना बाई फाट्यापर्यंत सोबत आली. बस यायला वेळ होता. ती म्हणाली, "बाई, तुमी चित्र काडताव, चांगलं हाय. न्हाय जमलं तर तुमी दुसरं काडशाल. माजं तसं न्हाय. ह्यो लिंब गेला तर म्या मेंढरं इकणार. उनात किती दिस उबी करू? मागच्या साली दोन पडली, एकाच दुपारी." मग बस येते का ते बघत म्हणाली, "मोजणीच्या दिशी या. तुमी लई वेळ बगत बसलाव. तुमी सांगा झाड कुटं हाय त्ये."

बस आली. मी येईन म्हणाले.

मोजणीच्या दिवशी झाडाखाली दहा-बारा माणसं होती. बाईचा नवरा रात्रपाळी करून थेट चिंचोळीहून आला होता आणि आल्या आल्या खोडाला टेकून झोपला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना मेंढ्या होत्या. हद्दीचा वाद त्याच्या डोक्यावरून चालला होता आणि तो घोरत होता. दीर इस्त्रीच्या कपड्यांत, बरोबर त्याच्या बाजूची चार माणसं. मी टोपी घालून. बाईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, मागच्या वेळी तिच्याकडं राहिलेलं माझं चित्र.

मोजणीचे साहेब तिशीतले, अंगानं बारीक, आणि आल्यापासून उन्हानं वैतागलेले. त्यांच्याकडं साखळी नव्हती, टेप नव्हती. एक उंच काठी होती, काठीच्या टोकाला वाटी उपडी घातल्यासारखं काहीतरी आणि हातात एक छोटी पाटी, तिच्यावर आकडे. काठी म्हणे उपग्रहांशी बोलते. म्हणजे या कोपऱ्याकडं बघायला वरती कुणीतरी होतं आणि आम्ही उगाचच भांडत होतो.

साहेबांनी कागद काढले आणि विचारलं, "मूळ बांध कुठून जात होता, कुणी सांगू शकेल का?"

दिराची चार माणसं एकदम बोलू लागली. बाईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाईंना विचारा. ह्यांनी दोन टायमाला समदं मोजून काडलंय."

"हां, विचाराच," दीर म्हणाला. "पयल्या टायमाला माज्यात हुतं म्हणाल्या, दुसऱ्या टायमाला हिच्यात. आता तिसऱ्या टायमाला कुटं म्हणतात ते बगू."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही बाहेरच्या ना? मग सांगा. झाड बांधाच्या कुठल्या बाजूला आहे, तुम्ही बघितलं तेव्हा?"

मी तोंड उघडलं. दोन दिवस, साधारण आठ तास, मी त्या झाडाकडं बघत होते. एक डोळा मिटून बघितलं होतं, दोन्ही बारीक करून बघितलं होतं. खोडाच्या डाव्या कडेला जांभळट छटा होती, हे मी शपथेवर सांगितलं असतं. सालीच्या भेगांत गेरू होता, शेंड्याची पानं पिवळटापेक्षा तांबूस जास्त होती, क्षितिजाशी नांगरट निळसर होत जाते, हे सगळं मला माहीत होतं. झाड बांधाच्या कुठल्या बाजूला आहे, ते मी बघितलंच नव्हतं. पहिल्यांदा ते जिथं शोभेल तिथं ठेवलं होतं, आणि दुसऱ्यांदा जिथं बाईला हवं होतं तिथं.

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पहिलं चित्र चुकीचं आहे. आणि दुसरंही मोजून काढलेलं नाही."

दीर खूश झाला. बाईनं मान खाली घातली आणि मला फार वाईट वाटलं. एखाद्या गोष्टीबद्दल खरं बोलल्याचं एवढं वाईट मला पूर्वी वाटलं नव्हतं. साहेबांना मात्र काहीच वाटलं नाही. त्यांना बहुधा रोज अशीच उत्तरं मिळत असावीत.

तरी बाईनं पिशवीतून चित्र काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी बघितलं. "छान आहे. माझी मुलगी पण काढते," ते म्हणाले. मग त्यांनी हातातल्या पाटीकडं पाहिलं. उन्हात तिच्यावरचे आकडे दिसत नव्हते. त्यांनी चित्र घेतलं आणि पाटीवर आडोशासारखं धरलं. "हां, आता दिसतंय. धरता का जरा?" मी धरलं. पुढचा दीड तास ते काठी घेऊन शेतभर फिरले आणि मी चित्र धरून त्यांच्यामागं फिरले. तीनशे ग्रॅमचा परदेशी कागद आहे, सहजी वाकत नाही.

गाडीवाटेच्या कोपऱ्यापासून सुरुवात झाली. मग कालव्याकडचा जुना दगड सापडला, मग तिसरी खूण. साहेब आकडा बघायचे, चार पावलं सरकायचे, पुन्हा बघायचे आणि चुन्याची बादली घेऊन मागं येणाऱ्या शिपायाला म्हणायचे, टाक चुना. पांढऱ्या रेषेचे ठिपके झाडाकडं येऊ लागले तसे सगळे जवळ येऊन उभे राहिले. बाई काठी घट्ट धरून उभी होती. दीर एकेका ठिपक्यागणिक एक पाऊल बाजूला सरकत होता, रेषा आपल्या अंगावरून जाईल की काय असा. शेवटचा ठिपका पडायच्या आधी साहेबांना बाईच्या नवऱ्याला उठवावं लागलं, कारण रेषा कुठून जाते ते बघायला तो मध्ये येत होता. तो उठला, चार हात सरकला आणि पुन्हा निजला.

झाड बाईच्या हद्दीत निघालं. दीड हात आत. बांध दिरानं जितका चाटला होता, त्याहून थोडा जास्त त्याला परत द्यावा लागणार होता.

"म्या मानत न्हाय," दीर म्हणाला. "वर अर्ज करणार."

"करा," साहेब म्हणाले. "फॉर्म ऑनलाइन आहे." त्यांनी सह्या घेतल्या, पंचांच्या घेतल्या, माझी घेतली नाही. चित्र मला परत दिलं. पाठीमागं घामाचे दोन अंगठे उमटले होते.

बाई माझ्याकडं आली नाही. ती आधी झाडाजवळ गेली, खोडावर हात ठेवून उभी राहिली, आणि मग नवऱ्याला काठीनं ढोसून म्हणाली, "उटा, झालं समदं." तो म्हणाला, "कुनाचं निगालं?" ती म्हणाली, "आपलं." तो म्हणाला, "मग झोपू दे की." तेव्हा कुठं ती हसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, च्या घेऊन जावा. आता तुमाला पाजला तर कोण काय म्हनणार न्हाय."

सर मला अजून म्हणतात, की त्या चित्रात दोन झाडांमुळं एक गूढ आलं आहे आणि ते वर्गाच्या प्रदर्शनात लावावं. मी दिलं नाही. ग्वाश मात्र आता थोडं जमतं. मधून मधून मी त्या बाजूला जाते, बाईकडं चहा होतो. दिराचा अर्ज वर कुठंतरी आहे. झाड उभं आहे आणि मेंढ्या त्याच्याखाली बसतात, तीन वाजेपर्यंत. तीननंतर सावली बांध ओलांडून दिराच्या शेतात जाते, आणि मेंढ्या उठून तिथं जाऊन बसतात. असं गेली वीस वर्षं चाललंय, बाई सांगते. लेंडीखत दिराला फुकट मिळतं.